तीन पास आणि शून्य फ्लोट

ट्रेकचं प्लॅनिंग म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा होते बुटांची. मग सॅक किती लिटरची, मग टेंट कोणाकडून मागून आणायचा, मग फोटो कोण काढणार. आणि निघायच्या आठवडाभर आधी कोणीतरी विचारतं, "पण किती दिवसांचं आहे रे?" सह्याद्रीत हे चालून जातं. शनिवारी सबमिशन उरकून निघायचं, रात्रभर चालायचं, रविवारी रात्री हॉस्टेलवर परत. तशीही रविवारी रात्री मेस बंदच असते! पण हीच सवय घेऊन आपण हिमालयातल्या पाच हजार मीटरवरच्या खिंडींचा बेत आखायला बसतो, तेव्हा सगळ्यात महाग सामान आपण सॅकमध्ये भरतच नाही. ते सामान म्हणजे दिवस.

म्हणून सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. दिवस कमी पडत असतील तर खिंड कमी करा. दिवस कापू नका. हे वाक्य ऐकून आमच्या ग्रुपमधले दोघे माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हते, म्हणून ते जरा सविस्तर मांडावं म्हणतो.

आमचा बेत नेपाळमधल्या खुंबूचा, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागातला. तिथे 'थ्री पासेस' नावाचा प्रसिद्ध ट्रेक आहे. कोंगमा ला (५५३५ मीटर), चो ला (५४२० मीटर) आणि रेंजो ला (साधारण ५३६० मीटर) अशा तीन खिंडी ओलांडत चार खोऱ्यांतून गोल फिरून यायचं. 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'चो ला पास' म्हणणं हे आपल्या 'पिवळा पीतांबर' जातीचं आहे, पण सगळे तसंच म्हणतात. वाटेत राहायला-जेवायला लॉज मिळतात, टेंट आणि रॉकेलचा स्टोव्ह वाहावा लागत नाही. हा भाग आम्हा सहा विद्यार्थ्यांच्या खिशाला आणि खांद्याला झेपणारा. न झेपणारा भाग आहे उंचीचा.

आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर. खुंबूत विमानातून उतरतो ते लुक्लाच मुळी २८०० मीटरच्या वर आहे. म्हणजे आपला ट्रेक जिथे संपतो त्याच्याही बाराशे मीटर वर तिथला सुरू होतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. प्रत्येक श्वासात निम्मा प्राणवायू! आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याने नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, कात्रज ते सिंहगड एका रात्रीत अनेकदा केलाय. त्याच्या पायांबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण विरळ हवेची सवय पायांना होत नसते, ती रक्ताला आणि श्वासाला व्हावी लागते, आणि तिला वेळ लागतो. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास कमी होतो असं काही नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि त्रास ओढवून घेतो. सह्याद्रीत या गोष्टीचा सराव करताच येत नाही, कारण सराव करण्याइतकी उंचीच आपल्याकडे नाही. हा सराव तिथेच, चढता चढता करायचा. म्हणून दिवस.

आता आमचं गणित बघा. शेवटचा पेपर आणि प्रोजेक्टची ओरल यांच्यामध्ये आमच्याकडे आहेत २५ दिवस. रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौली सीमा, तिथून बसने काठमांडू. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात, त्यामुळे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा आणखी एक प्रवास. असं करत चौथ्या दिवशी सकाळी लुक्ला. तिथून शहाण्या माणसांसारखं चाललं तर तीन खिंडींची फेरी १८ दिवसांची. एकविसाव्या दिवशी लुक्लाला परत, आणि तेवढ्याच धावपळीने उलटा प्रवास करून पंचविसाव्या दिवशी सकाळी घरी.

बसलं की बरोबर! आयटीवाल्याने स्प्रेडशीट बनवून ग्रुपवर टाकली आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. पण मित्रांनो, प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात आपण सगळे 'क्रिटिकल पाथ' लिहून आलोय. ज्या कामाचा फ्लोट शून्य ते काम क्रिटिकल. आमच्या शीटमध्ये पंचवीसच्या पंचवीस ओळी क्रिटिकल होत्या. पर्टमध्ये तीन वेळा धरायला शिकवतात, आशावादी, संभाव्य आणि निराशावादी. आम्ही फक्त पहिली धरली होती आणि बाकीच्या दोन रकाने कमी दिसावेत म्हणून गाळल्या होत्या. साधा बीम डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी धरला नाही तर सर वही परत भिरकावतात, आणि इथे सहा माणसांचा बेत फॅक्टर एकवर!

बरं, गोष्ट इथेच थांबली नाही. पैसे वाचवायचे म्हणून मेकॅनिकलने सुचवलं की शीटमध्ये तीन ठिकाणी पिवळ्या रंगात 'रेस्ट' लिहिलंय, नामचे, दिंगबोचे आणि छुकुंग. "तरुण पोरं आपण, रेस्ट कशाला? ते तीन दिवस काढा, पंधरा दिवसांत होतंय." वर आयटीने भर घातली की डायमॉक्सच्या गोळ्या घेतल्या की झालं.

इथे खरी गडबड 'रेस्ट' या शब्दाने केली आहे. तो सुट्टीचा दिवस नव्हेच. उंचीचा साधा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. पहिली रात्र फाकदिंगला, २६१० मीटर. दुसरी नामचेला, ३४४०. म्हणजे दुसऱ्याच दिवशी आठशे मीटरची उडी झाली, नियम तिथेच मोडला! ती उसनवारी फेडायला नामचेत दुसरी रात्र काढायची असते. त्या दिवशी लोक खुमजुंगपर्यंत चढून परत येतात. दिंगबोचेला (४४१०) नांगकार्तशांगच्या टेकाडावर चढायचं, छुकुंगला (४७३०) छुकुंग री करायचं आणि खाली येऊन झोपायचं. पंधरा दिवसांच्या शीटमध्ये हा माणूस सातव्या दिवशी कोंगमा लाच्या माथ्यावर, साडेपाच हजारांवर उभा होता. कागदावर उभा राहायला काय जातंय!

आणि गोळीचं म्हणाल तर ती शरीराला सवय व्हायला मदत करते, हे खरं आहे. डॉक्टरांना विचारून, आपल्याला कशाची अॅलर्जी आहे ते सांगून जरूर घ्यावी. पण ती दिवसाच्या बदल्यात मिळणारी पावती नव्हे. गोळी खाऊन दुप्पट वेगाने चढलं की तिने दिलेला फायदा तिथेच संपला.

मी शीटमधला 'रेस्ट' शब्द खोडून तिथे 'चढणे व परत येणे' असं लिहिलं. गंमत म्हणजे त्यानंतर ते दिवस काढा असं कोणी म्हणालं नाही. मेकॅनिकल तर म्हणाला, "मग ठीक आहे, फुकट बसायचं नाही ना!"

म्हणजे पुन्हा अठरा दिवस, आणि पुन्हा फ्लोट शून्य. आता प्रश्न असा की फ्लोट लागतोच कशाला? हवामान चांगलं असेल तर कशालाच नाही. पण आपण जो हंगाम 'चांगला' म्हणून निवडतो तोच बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हंगाम आहे, हे मला बेत आखायला बसेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. ट्रेकिंगचे महिने एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. वादळांचे महिने? पावसाळ्याच्या आधीचे आणि नंतरचे, म्हणजे हेच. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचा उरलासुरला भाग वर सरकत १४ तारखेला नेपाळात पोहोचला आणि अन्नपूर्णा परिसरात प्रचंड बर्फ पडलं. ५४१६ मीटरवरची थोरोंग ला ओलांडायला त्या दिवशी बरेच लोक निघालेले होते. त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. परदेशी ट्रेकर होते, भारतातले होते, नेपाळी गाइड आणि पोर्टर होते. आमच्या वाटेवर, गोक्योच्या खोऱ्यात पांगा इथे नोव्हेंबर १९९५ मध्ये असंच उपसागरातून आलेल्या वादळाचं बर्फ पडून हिमस्खलन झालं. १३ जपानी ट्रेकर आणि त्यांच्याबरोबरचे नेपाळी सहकारी दगावले. मे महिन्यातही २०१९ ला फनी, २०२१ ला यास.

विशाखापट्टणम ते थोरोंग ला मध्ये दोन दिवस होते. आज तर अंदाज फोनवर मिळतो. पण अंदाज मिळून उपयोग काय, जर शीटमध्ये थांबायला जागाच नसेल? बातमी वाचायची, मान डोलवायची आणि तरी पहाटे चारला निघायचं, कारण परतीचं तिकीट कन्फर्म आहे. ज्याच्याकडे दोन दिवस जास्त आहेत तो लॉजमध्ये पत्ते खेळत बसतो. मला त्या पत्ते खेळणाऱ्यांपैकी व्हायचंय. शिवाय लुक्लाचं विमान. ढग उतरले की ते उडत नाही, आणि ढग विचारून उतरत नाहीत.

म्हणून मी कोंगमा ला काढायचं सुचवलं. दिंगबोचेहून छुकुंगला न वळता सरळ लोबुचेला (साधारण ४९१०) जायचं. पाचशे मीटर, नियमात बसतं. छुकुंगच्या दोन रात्री वाचतात. फेरी सोळा दिवसांची होते आणि हातात दोन दिवस उरतात. बेस कॅम्प राहतो, काला पत्थर राहतो, चो ला आणि रेंजो ला राहतात, गोक्योची तळी राहतात. तिन्हींपैकी हीच का? एक तर ती सगळ्यात उंच, आणि तीही फेरीच्या सुरुवातीला, सवय कमी असताना येते. छुकुंग ते लोबुचे मध्ये एकही लॉज नाही. आणि खिंड उतरून लोबुचे समोर दिसायला लागलं तरी मध्ये खुंबू हिमनदी आडवी पसरलेली असते. दगडगोट्यांचे चढ-उतार तुडवत ती पार करायची, तेही दिवसाच्या शेवटी, पाय संपल्यावर.

यावर पहिला आक्षेप अर्थातच, "मग थ्री पासेस कसलं? टू पासेस सांगायचं का लोकांना?" हसू नका, हा आक्षेप दिसतो तेवढा पोरकट नाही. नावात तीन आहे म्हणून तीन करायच्या, हेच आपल्या बहुतेक बेतांचं मूळ असतं. दोनच खिंडींच्या ट्रेकला एखादं भारदस्त नाव असतं तर आम्ही आनंदाने दोन केल्या असत्या. इंजिनिअरिंगला येऊन आपल्याला ही सवयच लागलीय, सगळे पास करायचे, एकही राहिला की केटी. पण डोंगरातला पास राहिला तर मार्कलिस्टवर लाल रेघ येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "पुन्हा इतके दिवस कधी मिळणार? जुलैत नोकरी. मग चार दिवस रजा मागताना पण मॅनेजरचं तोंड बघायचं." हे खरं आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यातले निदान तिघे तरी खुंबूत पुन्हा जाणार नाहीत. कोंगमा ला त्यांची राहिली ती राहिलीच. ही किंमत आहे. ती नाही असं मी म्हणत नाही, फक्त ती मोजायला तयार आहे.

या सगळ्या वादात सिव्हिलवाला गप्प होता. आमच्यात तोच सगळ्यात हळू चालतो, पण कधी कुरकुरत नाही. तिसऱ्या मीटिंगमध्ये तो एकदम म्हणाला, "एक सांगू का? तिथे माझं डोकं दुखलं तर मी तुम्हाला सांगणारच नाही." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "शून्य फ्लोट आहे ना? मी थांबलो की सहाही जणांचा ट्रेक गेला. खाली उतरायचं तर विमानाची तारीख बदलायचे पैसे कुठून आणू? त्यापेक्षा क्रोसिन खाऊन चालेन."

माझ्या मते आमच्या आख्ख्या प्लॅनिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. उंचीच्या आजाराची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं अशीच होते. तेव्हा आहे तिथे थांबलं तर बहुतेकांचं एक-दोन दिवसांत निभावतं. तशीच चढाई चालू ठेवली तर मेंदूला सूज येऊ शकते, फुप्फुसात पाणी होऊ शकतं, आणि मग खाली उतरवण्याखेरीज खरा उपाय नसतो, तोही तातडीने, रात्र असली तरी. म्हणजे डोकेदुखी ही माहिती आहे, आणि वेळेवर मिळाली तर स्वस्तात सुटणारी. शून्य फ्लोटचा बेत ही माहिती दडपायला लावतो. वाईट मुलं दडपतात असं नाही. सिव्हिलसारखी, दुसऱ्याचा विचार करणारी मुलं आधी दडपतात.

त्या दिवशी आम्ही काही गोष्टी लिहूनच काढल्या. बोललेलं चार हजार मीटरवर कोणाला आठवत नाही. प्रत्येकाने दोन हजार जास्त भरायचे, तो पैसा उतरणाऱ्याचा. कोणी आधी परतला तर त्याचा जास्तीचा खर्च त्यातून, नाही लागला तर काठमांडूत जेवण. जो उतरेल त्याच्याबरोबर दुसरा एक जण उतरणार, आणि तो कोण हे आधीच ठरलेलं. सिव्हिलबरोबर मी. पुढे जायचं की थांबायचं यावर मतदान नाही. सहापैकी एकाने जरी थांबा म्हटलं तर तो दिवस थांबायचं, पाच विरुद्ध एक असा हिशोब नाही. चो लासाठी झोंगलाहून पहाटे निघायचं, कारण ऊन चढलं की वरचे दगड सुटायला लागतात. आणि अकरापर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून मागे. दिंगबोचेच्या मुक्कामात पलीकडे फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात, ते सहाही जणांनी ऐकायचं, झोपायचं नाही. (हे शेवटचं कलम लेक्चरमधल्या अनुभवावरून.)

विमा काढणार असाल तर त्यातलं उंचीचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक मीटरच्या वर संरक्षण संपतं आणि आपला ट्रेक नेमका त्याच्या वर असतो. हेलिकॉप्टरचा खर्च लाखांच्या घरात जातो, आणि घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं. मी आईला सांगितलं, तेव्हा तिने बुटांबद्दल काही विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "जास्तीचे दिवस किती धरलेत?"

सध्या शीटमध्ये दोन खिंडी आहेत. कोंगमा लाची ओळ मेकॅनिकलच्या हट्टाखातर करड्या रंगात शिल्लक ठेवलीय, समोर प्रश्नचिन्ह. सहाव्या संध्याकाळी दिंगबोचेला सगळ्यांची डोकी शांत असतील, अंदाज स्वच्छ असेल आणि दोन्ही दिवस हातात असतील, तर बघू, असं ठरलंय. मी अजूनही नाहीच म्हणणार आहे आणि त्यालाही ते माहीत आहे. गोरखपूरची जायची तिकिटं काढून झाली. यायची पंचविसाव्या दिवसाच्या हिशेबाने काढली आहेत, आणि त्यातले दोन दिवस कोणाच्याच नावावर नाहीत.